उभे फादर

थोरले फादर गुडघ्यांवर होते. प्रार्थनेच्या बाकाला टेकलेले, हात फळीवर, कपाळ हातांवर, डोक्यावर लोकरीची कानटोपी. समोर भिंतीवर क्रूस. खोलीला खिडकी एकच, आणि तिच्यातून आलेलं सकाळचं कोवळं ऊन त्यांच्या पाठीवर पडलं होतं.

चहा घेऊन आलेल्या स्वयंपाकाच्या पेपरवहिनी दारातच थांबल्या. प्रार्थनेतल्या माणसाला हाक मारायची नसते, हे त्यांना ठाऊक होतं. चहावर साय धरली तेव्हा त्यांनी हाक मारली. मग खांद्याला हात लावला. मग कप हातातून सुटला.

फादर घडवणारी ती शाळा. तिला सगळे सेमिनरी म्हणत. नाश्त्याच्या वेळेपर्यंत साऱ्या सेमिनरीचं एकमत झालं होतं की मरण यावं तर असं. प्रार्थना करता करता माणूस गेला, याहून भाग्य ते कोणतं? डॉक्टरांनी नाडी पाहिली, वय विचारलं आणि हृदयावर खापर फोडून मोकळे झाले. सेमिनरीचे प्रमुख, म्हणजे रेक्टर, यांनी दुपारी चारची वेळ ठरवून टाकली. माती आजच द्यायची होती.

सगळं कसं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात थोरल्या फादरांची धाकटी बहीण आली. तिने भावाकडे एकदा नीट पाहिलं आणि रडायचं सोडून ती तडक पोलीस चौकीत गेली.

*

चौकीतल्या फौजदारबाईंना त्यांच्या पाठीमागे सगळे भिंगरी म्हणत, कारण बाई कधी बसत नसत. जबाब घेताना फेऱ्या, फोनवर बोलताना फेऱ्या, डबासुद्धा खिडकीशी उभं राहून. खुर्ची होती, पण तिच्यावर फाइली बसत. सगळ्यात वरची फाइल वर्षभर तिथेच होती. पहाटे सायकलवरून पेपर टाकत फिरणाऱ्या एका माणसाला कुणीतरी गाडीने उडवलं होतं आणि न थांबता निघून गेलं होतं. भिंगरीने जंग जंग पछाडलं, पण गाडी सापडली नाही.

“बसा, आत्या,” ती म्हणाली. त्या बाईंना सगळा परिसर आत्या म्हणायचा. वडिलांची बहीण ती आत्या, तर फादरांची बहीण दुसरी कोण होणार?

“तुम्ही बसा, मग मी बसते,” आत्या म्हणाल्या. दोघीही उभ्याच राहिल्या.

“बोला.”

“माझ्या भावाला कुणीतरी मारलंय.”

“कशावरून?”

“तो गुडघ्यांवर होता.”

कोपऱ्यातल्या हवालदाराने खोकल्याचं निमित्त करून हसू दाबलं. “अहो, फादर गुडघ्यांवर नाही तर कशावर असणार?”

“रविवारी नाही!” आत्यांनी टेबलावर हात आपटला. “दादाने उभं आयुष्य त्या जुन्या धर्मपित्यांच्या अभ्यासात घालवलं. पहिल्या काही शतकांतले ते सगळे वाळवंटातले संन्यासी आणि आचार्य. नुसता अभ्यास नाही, तो जगायचाही तसाच. त्यांचा नियम आहे, रविवारी गुडघे टेकायचे नाहीत. ज्या दिवशी प्रभू मेलेल्यांतून उठला, त्या दिवशी माणसानेही उठून उभं राहायचं. गुडघे टेकायला बाकीचे सहा दिवस आहेत. रविवारी सगळं चर्च गुडघे टेकतं आणि एकटा दादा खांबासारखा उभा. मुलं त्याला उभे फादर म्हणतात ते काय उगाच?”

भिंगरीच्या फेऱ्या थांबल्या.

“आणि परवा फोनवर काहीतरी विचित्रच बोलला,” आत्यांचा आवाज खाली आला. “म्हणाला, रविवारी तू ये. मी चर्चच्या आत नसेन, दारात उभा असेन. मी म्हटलं, दारात कशाला? तर म्हणाला, आलीस की कळेल. आता मी आले, तर हा असा. बाई, चार वाजता त्याला मातीत घालतील. त्याच्याआधी मला सांगा, माझा दादा कसा गेला आणि दारात कशासाठी उभा राहणार होता. एवढं कळलं की मी निमूट घरी जाईन.”

*

खोली लहान आणि स्वच्छ होती. थोरल्या फादरांना आता पलंगावर ठेवलं होतं. गुडघे मात्र तसेच दुमडलेले राहिले होते, आणि आत्यांना ते बघवत नव्हतं.

भिंगरी खोलीभर फिरली. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर मातीचा दिवा होता, तेल संपून विझलेला. त्याच्याशेजारी झाकलेली वाटी. तिने झाकण उचललं. आटवलेलं गोड दूध, अर्धं खाल्लेलं. कट्ट्यावर धुळीचा पातळ थर होता. एक कोपरा तेवढा लख्ख पुसलेला.

रेक्टर दारात आले. भारदस्त माणूस, मऊ आवाज. विद्यार्थ्यांपासून माळ्यापर्यंत सगळे त्यांना देवमाणूस म्हणत. पुढच्या महिन्यात ते बिशप होणार, असंही लोक बोलत होते.

“तुम्ही त्यांना शेवटचं कधी पाहिलंत?” भिंगरीने विचारलं.

“काल संध्याकाळी. सहज डोकावलो होतो. दार अर्धवट उघडं होतं, दिवा लागलेला होता. त्या उजेडात ते असेच, क्रूसासमोर गुडघ्यांवर. मी पाऊल न वाजवता परत फिरलो.” त्यांनी डोळे टिपले. “आत गेलो असतो तर कदाचित...”

“प्रार्थना टोपी घालून करतात?”

“एरवी नाही. पण म्हातारं माणूस, गारठा होता.”

भिंगरीने पुढे होऊन कानटोपी काढली. डोक्याच्या मागे केस चिकटलेले होते. रक्त वाळून काळं पडलं होतं.

रेक्टर म्हणाले, “पडले असतील. पडून मग प्रार्थनेला बसले असतील.”

“आणि बसण्याआधी कट्ट्यावरचं रक्त पुसून वर टोपी घातली?”

भिंगरीने माती थांबवायला सांगितलं. डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. ते आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी या वेळी वय विचारलं नाही, नीट तपासलं. मार डोक्याचाच, म्हणाले, आणि मृत्यू काल संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला.

“मी ओरडून सांगत होते!” आत्या उसळल्या. “रविवारी दादा गुडघ्यांवर...”

“आत्या,” रेक्टर हळुवारपणे म्हणाले, “काल शनिवार होता. नियम रविवारचा आहे. शनिवारी ते गुडघे टेकायचेच की.”

आत्यांनी बोटांवर वार मोजले. भिंगरीलाही मान्य करावं लागलं की रेक्टर बोलले ते खरं होतं. मारेकरी होता, यात शंका नव्हती. पण ज्या धाग्याला धरून ती इथवर आली होती, तो मात्र हातातच तुटला होता.

*

स्वयंपाकघरात पेपरवहिनी कांदा चिरत होत्या. आज कुणी जेवणार नाही, हे त्यांनाही कळत होतं, पण हात रिकामे ठेवून करायचं काय?

भिंगरी दारात घुटमळली. या बाईंसमोर यायचं ती वर्षभर टाळत होती. सायकलवरून पेपर टाकणारा तो माणूस यांचाच नवरा.

“तुमच्या केसमध्ये अजून काही हाती लागलं नाही,” तिने न विचारताच सांगून टाकलं.

“मी कुठे विचारलं?” वहिनी म्हणाल्या. “आता फादरांचं विचारायला आलात ना? विचारा.”

“काल संध्याकाळी इथून कधी निघालात?”

“दिवा लागल्यावर. शनिवारचा दिवा फादर स्वतः लावायचे. खिडकीतला उजेड इथून दिसतो. तो दिसला की मी गोड दुधाची वाटी नेऊन द्यायची, मग घरी. आठवडाभर ते साधं, अळणी खायचे. पण शनिवारी दिवा लागला की लहान मुलासारखं गोड मागायचे. म्हणायचे, वहिनी, सण लागला, आण.”

“वाटी दिलीत तेव्हा ते काय करत होते?”

“खिडकीशी उभे होते. हातात वाटी घेतली, म्हणाले, उद्या लवकर ये, चर्चला ये. मी म्हटलं, मी नेहमीच येते. तर म्हणाले, उद्या नक्की ये.” वहिनींची सुरी थांबली. “का म्हणाले असतील हो?”

“त्यांचं कुणाशी वाकडं होतं?”

“छे! हां, शुक्रवारी लायब्ररीतल्या सरांशी जोरात भांडत होते. सर ओरडले, शेवटी सगळ्यांनाच माफी, तर न्याय कुठे गेला? मी भांडी तशीच टाकून पळाले.”

“आणि रेक्टर?”

“त्यांच्यासारखा माणूस शोधून सापडायचा नाही. हे गेले आणि पंधरवड्याच्या आत रेक्टर पायी चालत माझ्या घरी आले. इथे काम करा म्हणाले. मी मागितलं नव्हतं. पायीच फिरतात बिचारे. पूर्वी गाडी होती, ती विकून टाकली. तब्येतीला चालणं बरं म्हणतात. इतकं चालतात, इतकं चालतात, व्हरांड्यात दुपारभर त्यांच्या चपलांचा आवाज चालूच असतो. तुमच्यासारखंच आहे त्यांचं.”

भिंगरीच्या लक्षात आलं, आपण एवढ्या वेळात ओट्याभोवती फेऱ्या मारतोय. ती बाहेर पडली.

*

ग्रंथपालांच्या चष्म्याच्या काचा जाड होत्या आणि डोळे रडून लाल झाले होते. थोरल्या फादरांचा हा सगळ्यात जुना विद्यार्थी. फादर होण्याआधीच शिक्षण सोडून पुस्तकांत रमलेला.

“शुक्रवारी भांडलात?”

“भांडलो.”

“कशावरून?”

“शेवटच्या दिवशी देव सगळ्यांना जवळ घेणार की काहींना कायमचं दूर लोटणार, यावरून. ते म्हणायचे सगळ्यांना. अगदी सैतानालाही. मी म्हणायचो, जमणार नाही.”

“या गोष्टीवरून माणूस माणसाचं डोकं फोडतो?”

“मॅडम, हा वाद सतराशे वर्षं चाललाय. त्यावरून डोकी फुटली असतील, नाही असं नाही. पण आमचं भांडण रोजचं होतं. त्याच्यावाचून दोघांनाही जेवण जात नसे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “आता कुणाशी भांडू?”

“काल संध्याकाळी कुठे होतात?”

“इथेच. एकटा. साक्षीदार नाही.” त्यांनी खांदे उडवले. “लिहून घ्या.”

भिंगरी कपाटांच्या रांगांमधून चालत राहिली. “एक सांगा. फादर रविवारी चर्चच्या दारात उभे राहणार होते. का?”

ग्रंथपालांनी चटकन वर पाहिलं. “दारात? बाहेर?”

“बाहेर.”

“त्या जुन्या काळी एकांतात कानात सांगून पापाची सुटका होत नसे. मोठं पाप असेल तर माणसाने चर्चच्या दाराबाहेर उभं राहायचं. आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, मी हे केलंय, माझ्यासाठी प्रार्थना करा. वर्षानुवर्षं उभे राहायचे लोक. मग मंडळी त्यांना आत घ्यायची.”

“मोठं म्हणजे कोणतं पाप?”

“जिवाच्या भीतीने खोटं बोलून श्रद्धा सोडणं. किंवा...” ते अडखळले. “किंवा कुणाचा जीव घेणं.”

दारात काहीतरी हललं. आत्या उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“दादाने कुणाचा जीव घेतला होता?” त्यांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. “ऐंशी वर्षांचा माणूस. मी त्याला ओळखत नव्हते का?”

ग्रंथपालांनी त्यांना खुर्ची दिली. आत्या बसल्या नाहीत.

“मला नाही वाटत,” भिंगरी म्हणाली. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत, हे तिला कळत होतं. ती पुन्हा चालायला लागली. खिडकीपर्यंत, दारापर्यंत, परत खिडकीपर्यंत.

ग्रंथपाल तिच्याकडे बघत होते. “मॅडम, राग नसावा. थोरल्या फादरांनी तुम्हाला बघितलं असतं तर म्हणाले असते, हिला दुपारचं भूत लागलंय.”

“काय लागलंय?”

“वाळवंटातल्या संन्याशांचं निदान आहे ते. दुपार सरता सरत नाही. खोली नकोशी होते. माणूस उठतो, दारात जातो, सूर्य कुठवर आला बघतो, परत येतो, परत उठतो. ते म्हणायचे, हा आळस नव्हे. खोलीत एक गोष्ट बसलेली असते, तिच्याशी एकटं राहायचं नसतं म्हणून माणूस फिरतो. हल्ली फादर हे फार बोलायचे. म्हणाले, इथे एकाला ते भूत चिकटलंय.”

व्हरांड्यातून चपलांचा आवाज आला. लांब गेला. परत आला.

भिंगरी जागच्या जागी उभी राहिली. तिच्या स्वतःच्या खोलीत काय बसलं होतं, ते तिला नेमकं ठाऊक होतं. खुर्चीवरची सगळ्यात वरची फाइल.

“सर,” ती सावकाश म्हणाली, “फादर प्रार्थना करताना तोंड कुठे करायचे?”

“उगवतीकडे. हाही त्या धर्मपित्यांचाच रिवाज. प्रभू उगवतीकडून परत येणार, म्हणून वाट बघायची ती तिकडेच तोंड करून. खोली निवडताना त्यांनी खिडकी बघून निवडली होती.”

“आणि शनिवारचा दिवा कशासाठी?”

ग्रंथपालांनी उत्तर दिलं. ते ऐकून भिंगरीने हवालदाराला रेक्टरांना बोलावून आणायला धाडलं.

*

सगळे थोरल्या फादरांच्या खोलीत जमले. आत्या भावाच्या उशाशी, ग्रंथपाल भिंतीला टेकून, रेक्टर दाराजवळ आणि हवालदार दारात. खिडकीतलं ऊन आता सरकून गेलं होतं.

“ज्याने हे केलं,” भिंगरी म्हणाली, “त्याला मरण झाकायचं होतं. म्हणून त्याने फादरांना प्रार्थनेला बसवलं. त्याने पहिली चूक केली ती दिशेची. सकाळी वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा ऊन फादरांच्या पाठीवर होतं. म्हणजे तोंड मावळतीला, क्रूसाकडे. इथले बाकी सगळे फादर तसंच करतात. हे मात्र खिडकीकडे तोंड करून प्रार्थना करायचे.”

“म्हातारपणी माणूस विसरतो,” रेक्टर म्हणाले.

“विसरतो. दुसरी चूक गुडघ्यांची.”

“मी सकाळीच सांगितलं की काल शनिवार...”

“सांगितलंत. त्याच्यावरच बोलायचंय. सर, शनिवारच्या दिव्याचं पुन्हा सांगा.”

ग्रंथपाल पुढे झाले. “जुन्या मंडळीचा दिवस मध्यरात्री सुरू होत नसे. सूर्य मावळला की दुसरा दिवस लागला. शनिवारी दिवा लावायचा तो रविवारचं स्वागत म्हणून. थोरल्या फादरांचा रविवार दिव्याबरोबर सुरू व्हायचा. त्यानंतर उपास नाही, शोक नाही आणि...” ते थांबले. त्यांना आत्ता कळलं होतं. “आणि गुडघे टेकणं नाही.”

“वहिनींना ते म्हणायचे, सण लागला,” भिंगरी म्हणाली. “वाटी अर्धी खाल्लेली आहे. म्हणजे दिवा लागला होता आणि फादर रविवारात उभे होते. आता बघा. वहिनींनी हे केलं असतं, तर त्यांनी माणसाला पलंगावर झोपवलं असतं. दिवा लागला की सण लागतो, हे त्यांना आपल्याहून जास्त माहीत. सरांना नियम पुरता ठाऊक, त्यांनी फादरांना खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसवलं असतं. गुडघ्यांवर तोच बसवेल ज्याला नियम अर्धा माहीत आहे. रविवारी नको, पण शनिवार आहे, चालेल, असं ज्याला वाटलं तो.”

“हा झाला तर्क,” भिंगरी रेक्टरांकडे वळली. “पुरावा तुम्हीच दिलात. दिव्याच्या उजेडात तुम्ही त्यांना गुडघ्यांवर पाहिलंत. दिवा लागलेला असताना हा माणूस जिवंतपणी गुडघ्यांवर असूच शकत नव्हता. त्यांना तसं पाहिलं ते तुम्ही बसवल्यावर.”

रेक्टरांचा आवाज अजून मऊच होता. “मी त्यांना का मारीन? काय वैर होतं आमचं?”

“वैर नव्हतंच. तुम्ही दुपारभर व्हरांड्यात का चालता? गाडी का विकलीत? एका पेपरवाल्याच्या बायकोला न मागता काम का दिलंत? मी वर्षभर ती गाडी शोधतेय, रेक्टर. तुम्ही हे फादरांना सांगितलंत. दुसऱ्या कुणाला सांगणार होतात? तुम्हाला वाटलं, ते डोक्यावर हात ठेवतील आणि आतल्या आत मिटेल. पण त्यांच्या धर्मपित्यांकडे आतल्या आत मिटवायची सोय नव्हती.”

“अपघात होता तो,” रेक्टर म्हणाले. मग एकदम त्यांचा बांध फुटला. “धुकं होतं! माणूस दिसलाच नाही. मी वर्षभर झोपलो नाही. मी त्यांच्याकडे औषध मागायला गेलो आणि त्यांनी मला दारात उभं राहायला सांगितलं. सगळ्यांसमोर! विद्यार्थ्यांसमोर, वहिनींसमोर! काल पुन्हा विनवायला आलो. ते वाटी खात होते. हसून म्हणाले, उद्या दारात. मी त्यांना ढकललं. एवढंच. पुढचं काही ऐकायलाच नको होतं मला. कट्टा लागेल, असं मनातही नव्हतं.”

“पुढचं काय होतं, ते मी सांगते,” आत्या म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण आवाज सकाळसारखाच खणखणीत झाला होता.

“तो मला फोनवर म्हणाला, मी दारात उभा असेन. रेक्टर उभे असतील, असं नाही म्हणाला; मी उभा असेन, म्हणाला. पाप त्याचं नव्हतं आणि तरी तो तुमच्या शेजारी उभा राहणार होता. मला बघायला बोलावलं होतं. मी मघापासून मनात त्याला खुनी ठरवत होते. माझ्या दादाला!” त्यांनी भावाच्या दुमडलेल्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुम्हाला तो एकट्याला उभं करणार नव्हता हो.”

रेक्टर भिंतीला धरून खाली बसले.

*

माती पुढे ढकलली होती, पण निरोप सगळीकडे पोचला नव्हता. चारच्या सुमाराला लोक चर्चकडे येऊ लागले. फाटकाकडे जाणारी वाट चर्चच्या दारावरूनच जात होती. चौकीकडे नेत असताना रेक्टर तिथे थांबले.

“मॅडम, थोडा वेळ द्याल?”

हवालदाराने मान हलवली, नाही म्हणून. भिंगरीने घड्याळाकडे बघितलं नाही. “उभे राहा,” ती म्हणाली.

रेक्टर दाराच्या एका बाजूला उभे राहिले. पहिला माणूस आला तेव्हा ते नुसते पुटपुटले. दुसऱ्याला ऐकू आलं. “मी माणसं मारली आहेत. दोन. माझ्यासाठी प्रार्थना करा.” लोक थबकले, एकमेकांकडे पाहून घाईने आत गेले. दोन विद्यार्थी रडायला लागले.

आत्या आल्या. आत जातील असं वाटलं, पण त्या वळल्या आणि रेक्टरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” त्या समोर बघत म्हणाल्या. “करीन असंही नाही. पण दादाने शब्द दिला होता.”

आणि मग पेपरवहिनी आल्या. घरी जाऊन साडी बदलून आल्या होत्या, हातात फुलं होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. रेक्टरांनी सांगितलं. धुकं म्हणाले नाहीत, अपघात म्हणाले नाहीत. गाडी माझी होती, मी चालवत होतो, मी थांबलो नाही, एवढंच म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“तुम्ही गेलात तेव्हा ते जिवंत होते का?” त्यांनी विचारलं.

हे वर्षभरात कुणी विचारलं नव्हतं. फाइलीतही हा प्रश्न नव्हता. रेक्टरांनी आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी मदत केली नाही.

“होते,” ते म्हणाले. “त्यांनी हात वर केला होता.”

वहिनींच्या हातातली फुलं गळाली. त्यांनी ती उचलली, एक एक करून, पदरात घेतली आणि त्या आत गेल्या. मागे वळून बघितलं नाही.

आत्यांनी दाराची चौकट धरली, पण जागा सोडली नाही. भिंगरी पायऱ्यांच्या खाली उभी होती. शेवटचा माणूस आत जाईपर्यंत ती एक पाऊलही हलली नाही.